दाराजवळचा बुधला

२० जून, दुपार
आजपासून मी काम सोडलं. लिहून ठेवते, म्हणजे पक्कं झालं.
वही लेकीने पाठवली. बुरुल माझी, बिश्केकला ऑफिसात असते. फोनवर म्हणाली, "अपा, चाळीस वर्षं घोड्यांच्या धारा काढल्यास, ते दूध आंबवून कुमीस घुसळलंस. आता स्वतःसाठी जग. समाधान कशात वाटतं ते रोज लिही." माझ्या चार इयत्ता झाल्यात. समाधान लिहायला तेवढ्या पुरतात.
काल आम्ही सूसामीरच्या कुरणावर आलो, यर्टचा तंबू उभा केला. यंदा कुमीस सून करणार, कनिशाय. पोर गुणी आहे, हात जरा कोवळे. मी सगळं मोकळ्या मनाने सोपवलं. सोपवताना दोन तास बोलले.

२१ जून
विश्रांती. समाधान शोधायला गालिचा घेऊन टेकडीवर बसले. डोंगर बघितला. बर्फ बघितलं. पुन्हा डोंगर बघितला. एवढं करूनही हातातला चहा गरमच होता. मग उतरले.
कनिशाय शिंगरं बांधत होती. मी नुसती काळ्या घोडीची विचारपूस करायला गेले, बादली आपली हातात होती. घोडीने पान्हा चोरला, वर बादलीला लाथ घातली. कनिशाय आली, काहीतरी गुणगुणली, की लागल्या धारा. घोडी माझ्यावर रुसलीय, मी काम सोडलं म्हणून. जनावराला सगळं कळतं.

२२ जून
विश्रांती. पडल्या पडल्या कनिशायचं घुसळणं ऐकलं. रवीचा आवाज पातळ वाटतो. माझा कसा, पोटातून यायचा.
मी बोलत नाही. पण १ तारखेला ओस्मोन मास्तर येतात. भूगोल शिकवायचे, आता रिटायर. छातीच्या दुखण्यासाठी दर उन्हाळ्यात पंधरा दिवस आमच्याकडे कुमीस प्यायला राहतात. यंदा सतरावा उन्हाळा. खोरंभर सांगत फिरतात, कुमीस प्यावं तर याच घरचं. आमच्या घराचं नाव म्हणजे हा कुमीसचा कातडी बुधला. यंदा बिघडलं आणि त्यांनी मुक्काम वरच्या शेजारणीकडे, बातमाच्या यर्टात हलवला, तर मी तोंड कुठे दाखवू? बातमा तर कुमीसात साखर घालते.
संध्याकाळी कनिशायने बुधले इकडचे तिकडे केले. मला काहीतरी समजावत होती. मी विश्रांतीत होते.

२३ जून, पहाट
उपाय सापडला! पाचला कनिशाय घोड्यांकडे जाते. तेवढ्यात मी आत गुपचूप घुसळायचं. दाराजवळचा बुधला. ती जागा कुमीसची, माझ्या सासूच्या वेळेपासून.
हे काम नव्हे. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणालीच होती, खांदा हलता ठेवा. चव मात्र बघितली नाही. चव बघणं म्हणजे काम झालं. शिवाय नाक चोंदलंय.
हजार वेळा रवी मारली. चारशेनंतर आकडे चुकले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

२५ जून
खांदा ठणकतोय. म्हणजे गुण येतोय.
कनिशाय आज लवकर परतली. मी पटकन चमचा शोधायला लागले. म्हणाली, "अपा, झोप नाही का येत तुम्हाला?" म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कसली झोप. "मग दुपारी पडा जरा." भोळी आहे बिचारी.
मुलगा मेदेर जेवताना म्हणाला, "अपा, विश्रांतीने तू पार वाळलीस." काही लोकांना विश्रांती दिसतच नाही.

२८ जून
कुमीस झकास उतरलं! मेदेरने तीन वाडगे ओढले आणि बायकोकडे असं बघितलं, तसं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. कनिशाय लाजली. मी तोंड फिरवून हसले. श्रेय सुनेला, कष्ट आपल्याला. मोठेपणा म्हणतात तो हाच. मी प्यायले नाही, सर्दी आहे.
टेकडीवर रेंज येते, तिथून बुरुलशी बोलले. समाधान सापडलं का, म्हणाली. म्हटलं, सापडलं. कशात? म्हटलं, स्वस्थ बसण्यात. तिला किती आनंद झाला! लेकीचं मन मोडू नये.
उद्यापासून दीड हजार.

१ जुलै, संध्याकाळ
थोडक्यात लिहिते.
मास्तर आले. कणकेचे तळलेले बोरसोक मांडले, कुमीस ओतलं. मास्तरांनी पहिला वाडगा एका दमात संपवला, डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या मिशीकडे बघत बसलो. म्हणाले, "सतरा उन्हाळे पितोय. असं कधी प्यायलो नव्हतो. वहिनी, हात कुणाचा?"
खरं तर मी गप्प बसणार होते. तोंडाने ऐकलं नाही. म्हटलं, मास्तर, हात माझाच. रोज पहाटे, कुणाला न कळता. आणि सांगितलं सगळं, हजारासकट.
कनिशायने पळी खाली ठेवली. "अपा, कुठला बुधला घुसळत होतात?"
"कुठला म्हणजे? दाराजवळचा!"
"अहो, त्यात ताक आणि मीठ आहे! नवा बुधला मुरायला ठेवलाय. कुमीस पलीकडे हलवलं. त्या दिवशी सांगितलं नव्हतं का मी तुम्हाला?"
मेदेरच्या नाकातून कुमीस आलं. मास्तर शिकलेले, त्यांनी आधी हसू दाबून बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, एवढा मुरलेला बुधला अख्ख्या सूसामीरात नसेल." आणि वाडगा पुढे केला. कनिशायपुढे.
कनिशाय हसता हसता माझ्याजवळ आली, माझा खांदा चोळायला लागली. मी म्हटलं, जरा डावीकडे.

२ जुलै, सकाळचे दहा
आत्ता उठले. दोनदा धारा काढून झाल्यात, मास्तर तिसऱ्या वाडग्यावर आहेत, कुणी मला हाक मारली नाही. इतकी झोप लग्नाआधी लागली असेल.
नाक मोकळं झालंय. उशाशी कनिशायने झाकून ठेवलेला वाडगा होता. प्यायले.
माझ्यापेक्षा चांगलं करते.
ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहिलं. थोडंसंच चांगलं.