मेरिमच्या एका कानातलं डूल

आदरणीय झुमाशदादांस,

धाकटा भाऊ तोक्तोसुन याचा छातीवर हात ठेवून, आणि मान नेहमीपेक्षा बरीच खाली घालून सलाम. तुमच्याकडची माणसं-जनावरं सुखरूप असतील, वहिनींचा गुडघा कुरकुरत नसेल आणि तुमचा रक्तदाब (निदान हे पत्र फोडेपर्यंत) ताब्यात असेल अशी आशा करतो. इकडे वरच्या कुरणावर गवत उत्तम, घोड्यांना दूध भरपूर, मेंढ्या गुटगुटीत. एकूण जनावरांचं छान चाललं आहे, घरच्या कर्त्या पुरुषाचं तेवढं विचारू नका. टेकडीवर चढलं की फोन लागतो हे मला माहीत आहे. पण तुमचा आवाज ऐकला की माझी दातखीळ बसेल, म्हणून दुधाच्या ट्रकवाल्याच्या हाती पत्र देतो आहे.

तर आपल्या मेरिमचं लग्न सध्या एका कानावर लटकलं आहे. व्याही तेमिरकुल आणि विहीणबाई गेल्या आठवड्यात तिच्या कानांत डूल घालायला आले होते (डुलं घातली की सोयरीक पक्की, हे तुम्हाला मी काय सांगावं!), आणि एक घालून, दुसरं मुठीत घेऊन परत गेले. तेव्हापासून पोरगी एका डुलावर हिंडते आहे. काढत नाही. मी समोर आलो की डुलाचा कान तेवढा माझ्याकडे वळवते आणि घोडीची धार काढायला निघून जाते. व्याह्यांच्या पोराला ती मनापासून पसंत आहे आणि तिला तो, ही गोष्ट मला अशा वेळी कळली, जेव्हा कळून काही उपयोग नव्हता.

झालं ते असं. पाहुणे दारात आले तेव्हा व्याह्यांच्या हातात चाबूक होता. आता हातात चाबूक घेऊन कुणाच्या तंबूत शिरणं म्हणजे भांडायला येणं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बिचारे बोलण्याच्या नादात विसरले असतील. मी गप्प बसून चाबूक हातातून घेतला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवलं, चाबूक बाहेरच्या खुंटीला लावायला लावला, आणि वर रीतिरिवाजांवर छोटंसं भाषण ठोकलं. (माझा आवाज मोठा आहे म्हणून वसंतातल्या शिकाऱ्यांच्या मेळाव्यात बंदुकीचे नियम मलाच वाचायला लावतात. त्यामुळे भाषणाची खोड लागली आहे.) व्याही ओशाळून हसले आणि आत येऊन मानाच्या जागी बसले. मांस झालं, घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, किमिझच्या वाडग्यांची दुसरी फेरी झाली, आणि व्याह्यांनी सहज विचारलं की हिवाळ्यात तुम्ही लांडगा लोळवलात म्हणे, तो कसा?

दादा, तो प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. मी उठलो आणि जाळीच्या भिंतीवरून बंदूक काढली. तुम्ही ती मला देताना सांगितलं होतं, की आत येण्याआधी नळी उघडून काडतुसं काढायची, कुणी रिकामी म्हणालं तरी आपण बघायचं, चापावर उगाच बोट ठेवायचं नाही, आणि नळीचं तोंड माणसाकडे कधीच करायचं नाही. हे सगळं मला पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच बहुधा करायचं राहून गेलं. दोन दिवसांपूर्वी मेंढ्यांजवळ लांडगा दिसला होता, तेव्हा भरलेली बंदूक मी तशीच आणून टांगली होती. संध्याकाळी पुन्हा लागेल, कोण काढतंय! लांडगा आला नाही, आणि मी विसरलो.

व्याही म्हणाले, "रिकामी आहे ना हो?"

"म्हणजे काय! घरात भरलेली बंदूक टांगायला मी काय वेडा आहे?" मी म्हणालो, आणि त्यांची खात्री पटावी म्हणून नळी उघडून दाखवण्याऐवजी चाप ओढून दाखवला.

आवाजाचं वर्णन करत नाही. वडिलांच्या हातून आलेलं तंबूच्या माथ्यावरचं गोल लाकडी कडं, आपलं तुंदुक, त्याच्या मधल्या पट्ट्यांच्या ढलप्या व्याह्यांच्या टोपीवर आणि किमिझच्या पातेल्यात पडल्या. त्यांचा घोडा दावं तोडून जो पळाला, तो ओढ्यापलीकडे सापडला. विहीणबाई दुसरं डूल मुठीत धरून बाहेर, त्यांच्या मागे सगळी मंडळी बाहेर. व्याह्यांनी खुंटीवरचा चाबूक काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माझा चाबूक बाहेर आणि तुमची बंदूक आत. छान रीत आहे हो तुमची." शेजारचा कादिर तर आता मला बघितलं की दोन्ही हात वर करून चालतो, आणि त्याची बायको डोक्याच्या रुमालात तोंड लपवून हसते. मला दादा, खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे.

एकच समाधान की निदान नळीचं तोंड मी आभाळाकडे ठेवलं होतं. तुमची तेवढी शिकवण वाया गेली नाही. तेव्हा तुम्ही खाली व्याह्यांकडे जावं, वडीलधारे म्हणून शब्द टाकावा, माणूस वेंधळा आहे पण नळी वर होती हे त्यांच्या कानावर घालावं, आणि ते दुसरं डूल मुलीच्या कानात पडेल असं बघावं. तुमचं ते ऐकतील. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक (हा शब्द खोडणार होतो),
तोक्तोसुन

ता. क. पत्र झूराने वाचलं. तुमची भावजय एरवी मला तासभर झोडपते, पण त्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती. आज बोलली. म्हणाली, "खरं कोण लिहिणार? मी?" तर लिहितो. नळी वर नव्हती. लांडग्यावर नेम कसा धरला ते दाखवता दाखवता ती मेरिमच्या दिशेला गेली होती. विहीणबाई तिच्या कानाशी वाकल्या होत्या. झूराने हातातल्या पळीने नळी खालून वर उडवली, त्याच क्षणी बार झाला. हे सगळ्यांनी बघितलं. नळी वर होती असं तुम्ही तिथे सांगितलं असतंत, तर माझ्याबरोबर तुमचंही नाक कापलं गेलं असतं.

आणखी एक. व्याह्यांचा निरोप खरं तर परवाच आला. मुलगी हवी आहे, पण ती बंदूक ज्या घरात आहे त्या घरात पाऊल ठेवणार नाही, असं म्हणाले. हे मी तुमच्यापासून लपवलं, कारण बंदूक सोडवत नव्हती. पोरीपेक्षाही मला ती सोडवत नव्हती, हेही लिहूनच टाकतो. तर दादा, आधी इकडे या आणि बंदूक घेऊन जा. काडतुसं झूराच्या पेटीत आहेत, बंदूक माझ्या पेटीत, दोन्ही किल्ल्या तिच्याकडे. बंदूक रिकामी आहे. पण मी लिहिलं आहे म्हणून मानू नका, हातात घेताच नळी उघडून स्वतः बघा.