रविवारच्या मंडळातली घूंघूं

ती. मामांस,

भाच्याचा सादर नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा बरा आहे असं मामींनी आईला सांगितलं, म्हणून डाव्यापुरतंच विचारतो.) घरी सगळे ठीक. तुम्ही दिलेला ट्रान्समीटर आणि रिसिव्हर दोन्ही ठणठणीत आहेत, रोज कोरड्या फडक्याने पुसतो. मध्यंतरी रिसिव्हर उघडून आतली धूळ ब्रशने काढली. पेटीला हात लागला की बोटांना मुंग्या येत, त्याचं कारणही सापडलं. एक तपकिरी कपॅसिटर होता, त्याचं एक टोक विजेच्या वायरला आणि दुसरं नुसतंच पेटीच्या पत्र्याला जोडलेलं, म्हणजे काम काही नाही आणि चिमटे मात्र काढतो. तो कापून पाकिटात घातला आणि पाकिटावर तारीख लिहून ठेवली. इथवर खुशाली झाली. पुढे तक्रार आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता.

तक्रार तुमच्या रेडिओवरच्या रविवारच्या मंडळाविरुद्ध आहे. गाव सोडताना तुम्ही मला घड्याळवाले आजोबा, डॉक्टरीणबाई आणि मास्तर यांच्या हवाली केलंत आणि तुमची चौथी जागा मला दिलीत. सकाळी साडेसातला आजोबा सुरू करतात, मग बाई, मग मास्तर, मग मी. आता बाकीचे सगळे हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, सिंगल साइडबँडच्या नव्या पद्धतीवर गेले, जुन्या एएमवर आपलंच मंडळ उरलं. ते आम्हाला टोमणे मारतात, की तुमचं एएम दोन माणसांची जागा अडवतं, जसं बाकावर आडवं झोपलेलं माणूस. (मी मोजून पाहिलं. अडवतं. पण सांगण्याची ही पद्धत नव्हे.) मला एएम आवडतं ते वेगळ्याच कारणाने. दोघांनी एकदम बटण दाबलं की आवाज वाहून नेणारे दोन्ही कॅरिअर एकमेकांवर आदळून अशी शिट्टी वाजते की कानाचे पडदे फाटावेत, म्हणून कुणी कुणाच्या मधे बोलत नाही. घरी माझं वाक्य ताई पुरं करते, दुकानात मालक पुरं करतात, आणि दोघंही चुकीचं पुरं करतात. आठवड्यातून तेवढी तीनच मिनिटं अशी, की मी सुरू केलेलं वाक्य मीच संपवतो. तीच आता गेली आहेत.

झालं असं. तेरा तारखेच्या रविवारी आजोबांच्या आवाजामागे मला घूंघूं ऐकू आली, बरणीत भुंगा कोंडल्यासारखी. मी दिवसभर काट्यांच्या दुकानात लोकांच्या वजनकाट्यांतली खोट काढणारा माणूस, मला दोष दिसला आणि मी गप्प बसलो असं होत नाही. तरी आधी शहानिशा केली. कुणी बोलत नसताना माझा रिसिव्हर अगदी चिडीचूप असतो. आजोबांनी बटण दाबून कॅरिअर चालू केला की घूं सुरू, त्यांनी बटण सोडलं की घूं बंद. याहून सरळ पुरावा कोर्टातही मिळत नाही. माझी पाळी आल्यावर मी अदबीने कळवलं. मग नीट ऐकलं तर बाईंच्यातही घूं, मास्तरांच्यातही घूं! तीही कळवली, प्रत्येकाची वेगळी, दहापैकी आकडे देऊन. (आजोबा सात, बाई पाच, मास्तर साडेचार.) तुम्हीच शिकवलंत की खोटा रिपोर्ट देणं म्हणजे माणसाला फसवणं. बाकीचे हॅम भांडं घासल्याचा आवाज आला तरी 'अतिउत्तम' म्हणून मोकळे होतात.

उपकार राहिले बाजूलाच. बाईंनी सगळा सरंजाम माडीवरून खाली आणला आणि वीस तारखेला विचारलं, "आता?" मी खरं ते सांगितलं, "पाचच." मास्तर म्हणाले, "मलाही बरेच दिवस वाटतच होतं हो." (मास्तरांना कुणी काहीही सांगितलं तरी बरेच दिवस वाटतच असतं.) आजोबांनी तर पंधरा दिवस ट्रान्समीटर टेबलावर उलटा घातला, कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने पुन्हा गुंडाळला, त्यात त्यांचं मनगट सुजलं. सत्तावीस तारखेला ते म्हणाले, "हं, आता सांग बघू." आता तुम्हीच सांगा, मी काय खोटं बोलायला हवं होतं? मी म्हटलं, "आजोबा, आवाज फारच गोड झालाय, पण घूं आहे तेवढीच आहे. किंचित वाढली असेल."

मामा, सिंगल साइडबँडवर माणूस गप्प बसला तर नुसता गायब होतो. एएमवर त्याचं गप्प बसणंही ऐकू येतं. आजोबांचा कॅरिअर सतरा सेकंद (मोजले) चालू होता आणि त्यात शब्द एक नाही. मग ते म्हणाले, "पोरा, तुझे कान फार तिखट आहेत. यापुढे तू फक्त ऐकत जा." चार तारखेला मास्तरांनी बोलणं संपवलं आणि पाळी थेट आजोबांकडे दिली. मी पाच वेळा हाक मारली. आजोबा म्हणाले, "बाई, तुमच्याकडे पाऊसपाणी काय?" ही कुठली रीत? बरं, मी काही त्यांच्यावरच डूख धरून नाही. परवा याच रिसिव्हरवर बातम्यांचं स्टेशन लावलं तर तिथला निवेदकही घूंघूं करत होता. त्यांनाही कार्ड टाकलं आहे. या देशात... असो. आजोबा तुमचा शब्द खाली पडू देणार नाहीत, तरी त्यांना चार खडे बोल सुनवावेत, आणि माझी जागा मला परत द्यायला लावावी.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. पाकीट बंद करायच्या आत ताईने पत्र वाचलं (विचारून नव्हे) आणि तिचा सेलवर चालणारा छोटा रेडिओ आणून बातम्यांचं तेच स्टेशन लावलं. घूं नाही. ताई म्हणाली, "अरे शहाण्या, सगळं जग घूंघूं करतंय आणि तू एकटा सरळ?" तो रेडिओ स्वस्तातला आहे, बारीक दोष त्याला ऐकू येत नसणार.

ता. क. २. दुकानात मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी आज पहिल्यांदाच पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सकाळी आल्या आल्या आपला मापाचा काटा तपासतोस ना? की गिऱ्हाइकाच्या काट्यापासूनच सुरुवात करतोस?" घरी येऊन ते कपॅसिटरचं पाकीट काढलं. त्यावर माझ्याच अक्षरात, वळणदार, तारीख बारा. पहिली घूं तेराची.

ता. क. ३. कपॅसिटर परत जोडला. बोटांना मुंग्या येतात. निवेदक स्वच्छ बोलतो. मामा, आजोबांना खडे बोल सुनवू नका. त्यांना एवढंच कळवा की येत्या रविवारी पोराला एकदाच पाळी द्या, दोन मिनिटांच्या वर घेणार नाही, आणि कृपा करून मधे कुणी बोलू नका, नाहीतर मला ते सांगता येणार नाही. (बातम्यांच्या स्टेशनला दुसरं कार्ड टाकलं आहे.)

ता. क. ४. तिकीट नव्हतं म्हणून पत्र रविवारपर्यंत राहिलं. आज नुसतंच ऐकलं. तिघंही काचेसारखे स्वच्छ. आजोबांचं मनगट अजून दुखतंय, बाईंना सांगत होते. फक्त मास्तरांच्यात एक बारीक चरचर आहे. मामा, शपथेवर सांगतो, ती त्यांचीच आहे, ताईच्या रेडिओवरही ऐकली, शेजाऱ्यांच्याही. दोन मिनिटांत तेही सांगून टाकू का, की जागा पक्की झाल्यावर? उलट टपाली कळवावे.