अकराव्या पानावरची पांढरी टोपी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय लहान मुलांसाठी गोष्टी लिहिणे आणि त्यांची चित्रेही स्वतःच काढणे, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, कामाच्या टेबलाशी बसून माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या सदऱ्याचे वरून तिसरे बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्याने लावले आहे तेही सांगितले. त्यांनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून मात्र आणला होता, आणि तो कोणी आणला ते पुढे येईलच.

कलम १. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते सात वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घाबरून लिहिले होते. त्यात मी सगळ्यांशी फार गोड वागले आहे.

कलम २. मी राहते ते घर माझ्या भाच्याला द्यावे. हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. ती गेल्यापासून त्याने माझे दवाखाने, विजेची बिले आणि माझा स्वभाव हे तिन्ही सांभाळले आहे. पोटच्या मुलानेही इतके केले नसते. अट एकच. कामाच्या खोलीच्या उत्तरेकडच्या खिडकीपुढे कपाट ठेवू नये. त्या उजेडात मी बावन्न वर्षे रंग पाहिले आहेत आणि तसा उजेड विकत मिळत नाही.

कलम ३. बँकेतली ठेव माझ्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना द्यावी. माझ्या पुस्तकांतल्या काटेराव या साळिंदराची आई कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून उभी राहते, ते मी या बाईंवरूनच उचलले. हे मी त्यांना कधी सांगितले नाही. ठेव हातात पडल्यावर त्यांचा राग फार वेळ टिकणार नाही असा माझा अंदाज आहे.

कलम ४. टेबल, तिरका फळा, भिंग आणि रंगांचे खण बालवाचनालयाच्या चित्रवर्गाला द्यावेत. कुंचले देताना शिक्षकांनी मुलांना सांगावे की कुंचला पाण्याच्या पेल्यात उभा करून ठेवणाऱ्याला चित्रकार म्हणत नाहीत. माझ्या तिसऱ्या पुस्तकावर ज्या समीक्षकांनी “यांच्या प्राण्यांना माना नसतात” असे लिहिले होते, त्यांच्यासाठी मी जिराफाचे एक चित्र काढून, चौकटीत बसवून ठेवले आहे. ते त्यांच्या घरी पोचवावे. मान त्यांनी फूटपट्टी लावून मोजून घ्यावी.

कलम ५. काटेरावाचे काटे कोणीही, कोणत्याही कारणाने, आखूड करू नयेत. माझ्या प्रकाशकांचे चिरंजीव एकदा मला म्हणाले, “काकू, हल्लीच्या मुलांना गोड प्राणी लागतात. काटे जरा गोल केले तर?” मी म्हटले, “अरे, मग त्याला उशीच म्हण की.” ते हसले, पण त्यांच्या मनातून ते गेलेले नाही. म्हणून हे कायदेशीर करून ठेवते.

कलम ६. मुलांची पत्रे तीन ट्रंकांत आहेत. ती वाचनालयाला द्यावीत आणि जाळू नयेत. प्रत्येकाला मी स्वतः उत्तर दिले आहे, हे मी छाती पुढे काढून सांगते. मी लिहिते चांगले आणि चित्रे त्याहून चांगली काढते. हे म्हणायला कोणी दुसरे येईल म्हणून थांबण्यात अर्थ नसतो.

कलम ७. आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसले ते.

काटेरावाच्या पहिल्या पुस्तकात त्याच्या डोक्यावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पिवळी टोपी आहे. फक्त अकराव्या पानावर, तो मोठ्या काळ्या कुत्र्यासमोर येतो तेव्हा, ती पांढरी आहे. पुस्तक आल्यावर मुलांची पत्रे सुरू झाली. टोपी पांढरी का? एका मुलीने उत्तरही स्वतःच देऊन टाकले, “मला कळलं. काटेराव घाबरला नाही, त्याची टोपी घाबरली.” ते उत्तर मी उचलले आणि दुसरे पुस्तक त्यावरच रचले. पुढची नऊ पुस्तके त्या घाबरट टोपीवर उभी आहेत. जाणकारांनी त्या पानाला धाडसी कल्पना म्हटले, मला त्यासाठी मानपत्र मिळाले आणि मी व्यासपीठावर मान झुकवून ते घेतले.

खरे असे आहे. तेव्हा रंगीत चित्र सरळ छापले जात नसे. चित्रकाराने प्रत्येक रंगाची वेगळी पारदर्शक शीट काळ्या शाईने करून द्यायची. कोपऱ्यांत जुळवणीच्या खुणा करायच्या, म्हणजे यंत्रावर एका रंगावर दुसरा नेमका बसतो. पिवळा आधी, मग तांबडा, निळा, शेवटी काळा. अकराव्या पानाचे चित्र संध्याकाळचे होते. त्यात पिवळे असे टोपीशिवाय काहीच नव्हते. त्या पिवळ्या शीटवर फक्त एक टोपी होती, बाकी सगळी कोरी. ती शीट मी छापखान्याला दिलीच नाही. ती माझ्या टेबलावर टीपकागदांच्या गठ्ठ्यात, दोन कागदांमध्ये राहून गेली.

रंगीत यंत्रावर जे मशीनमन होते त्यांना सगळे तात्या म्हणत. वय तीस-बत्तीसचे, हात अतिशय नेमका. पुस्तक छापून आले, पांढरी टोपी दिसली आणि छापखान्याच्या मालकांनी मला बोलावले. मी सत्तावीस वर्षांची, पहिलेच पुस्तक. मी ठासून सांगितले की शीट मी मोजून दिल्या आहेत. मोजल्या नव्हत्या. त्याच दुपारी तात्यांना कामावरून काढले.

शीट मला तीन आठवड्यांनी सापडली. मी ती पुन्हा त्याच गठ्ठ्यात ठेवून दिली. दुसरे पुस्तक हातचे जाईल ही भीती होती. पुढे पत्रे आली, कौतुक आले, आणि खरे बोलण्याचा दिवस लांबत लांबत बावन्न वर्षांवर गेला. मला याची लाज वाटते. या कलमात मी माझी बाजू मांडत नाही.

दोन महिन्यांपूर्वी वाचनालयात मी पुस्तकांवर सह्या देत होते. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई पहिल्या आवृत्तीची जीर्ण प्रत घेऊन पुढे आल्या. त्यांनी अकरावे पान उघडले आणि खाली वाकून, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाल्या, “हे माझ्या बाबांकडून राहिलं होतं. ते मशीनवर होते. तुम्ही एवढं मोठं मन करून त्याची गोष्ट केलीत. त्यांच्या वतीने तुमची माफी मागायची होती, कधीपासून.”

मी सही केली. वर “सप्रेम” असेही लिहिले. त्या मागे वळल्या आणि मी पेन मिटून ठेवले.

भाच्याला मी सगळे सांगितले. तो म्हणाला, “मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची. बावन्न वर्षं कुणाला कळलं नाही. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे? तुझं नाव मात्र खराब होईल.” मुलगा वाईट नाही. त्याला माझी काळजी आहे, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. मी त्याला म्हटले, “मूठ माझी आहे. उघडायची कधी ते मी ठरवीन.” वरचा दबाव तो हाच.

शीट घेऊन मी तात्यांच्या घरी गेले. ते आता त्र्याऐंशीचे आहेत. ऐकू थोडे कमी येते, दिसते उत्तम. मी काही बोलण्याआधी शीट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलून खिडकीकडे धरली आणि चारही कोपऱ्यांतल्या खुणांवरून अंगठा फिरवला.

“खुणा बरोबर आहेत,” ते म्हणाले. “नेमकी बसली असती.”

मी म्हटले, “तात्या, चूक माझी होती.”

“माहीत आहे मला. शीटचं पाकीट मी दोनदा झटकून पाहिलं होतं. मालकांना सांगितलं, अकराची पिवळी आलेली नाही. ते म्हणाले, आज छापायचं म्हणजे आजच. नंतर म्हणाले, बाई सांगतात मोजून दिल्या, तू कोण मोठा लागून गेलास?”

“मग पुढे?”

“पुढे काय. दुसऱ्या छापखान्यात गेलो. पावत्या छापल्या, तिकिटं छापली, एका रंगात. पोट भरलं. पण हा रंग विसरतो असं नाव झालं ना, रंगाचं काम मला परत कुणी दिलं नाही.” शीट त्यांनी परत दिली नाही, मांडीवरच ठेवली.

त्यांची मुलगी दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती मला म्हणाली, “मी माफी मागितली तेव्हा तुम्ही गप्प कशा बसलात?”

“भित्री आहे म्हणून,” मी म्हटले.

मग ती वडिलांकडे वळली. “बाबा, मला तरी सांगायचं होतंत. मी जन्मभर समजत आले की...”

“तू पाच वर्षांची होतीस,” तात्या म्हणाले. “ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायचीस. या बाई खोटं बोलल्या असं तुला कसं सांगणार? आणि नंतर सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, बाबा सारवासारव करतायत.” ती त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली आणि रडली. मला कोणी जा म्हटले नाही, थांबही म्हटले नाही. मी थांबले.

तरी, काटेरावाच्या पहिल्या पुस्तकाच्या यापुढच्या प्रत्येक आवृत्तीत, माझ्या नावाच्या पानासमोर, हा मजकूर तितक्याच मोठ्या अक्षरांत आणि खाली तात्यांच्या पूर्ण नावासह छापावा: “अकराव्या पानावरची टोपी पांढरी राहिली, कारण तिची पिवळी शीट मी छापखान्याला दिली नव्हती. मशीनमननी तसे तेव्हाच सांगितले होते. ते खरे बोलत होते. मी खोटे बोलले.” ही माझी अखेरची इच्छा वगैरे समजू नये. तात्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत आणि माझ्या मरणाची वाट पाहायला त्यांना सांगणे हा दुसरा अन्याय होईल. मजकूर मी काल स्वतः प्रकाशकांच्या चिरंजीवांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि विचारले, “काकू, ‘खोटे’च्या जागी ‘अनवधानाने’ चालेल का?” चालणार नाही असे मी सांगितले. नवी आवृत्ती या महिन्यात छापायला जाते आहे. इथे ते लिहिले आहे ते माझ्यामागे कोणी ते पान गाळू नये एवढ्यासाठी.

कलम ८. या पहिल्या पुस्तकाचे सर्व हक्क मी कच्च्या मसुद्यात तात्यांना दिले होते. गेल्या मंगळवारी मसुदा घेऊन वकीलसाहेब आणि मी त्यांच्याकडे गेलो. तात्यांनी तो सबंध वाचला, सातवे कलम दोनदा वाचले, आणि विचारले, “याच्या खाली साक्षीदार म्हणून सही कोण करतं?”

वकीलसाहेब म्हणाले, “कुणीही सज्ञान माणूस. फक्त ज्याला यातून काही मिळणार आहे त्याने करू नये. पुढे त्याला ते मिळण्यात अडचण येते.”

“म्हणजे मी हक्क घेतले तर सही करायची नाही.”

“करू नये.”

“मग हक्क खोडा,” तात्या म्हणाले. “मला सही करायची आहे.”

मी त्यांना पुष्कळ समजावले. हे पुस्तक अजून दरसाल नव्याने निघते, मुलीला पुढे उपयोग होईल, असे सगळे सांगून पाहिले. मुलगी म्हणाली, “बाबा म्हणतायत तसंच करा.” म्हणून पहिल्या पुस्तकाचे हक्कही इतर पुस्तकांप्रमाणे माझ्या भाच्याकडे जातील. मात्र सातव्या कलमातला मजकूर एका जरी आवृत्तीतून गाळला, बारीक केला किंवा मऊ केला, तर त्या दिवसापासून सगळ्या पुस्तकांचे हक्क बालवाचनालयाचे होतील. भाच्याने हे वाचले आहे. वाचून तो म्हणाला, “मावशी, तू माझ्यावर विश्वास ठेवत नाहीस.” मी म्हटले, “ठेवते. म्हणून तर घर बिनशर्त दिलंय.” खिडकीची अट तो विसरला होता, ती त्याला पुन्हा वाचून दाखवली.

यापलीकडे माझे कोणाकडे काही नाही, आणि माझ्याकडे कोणाचे असले तर ते वर लिहून झाले आहे. प्रत्येक पानावर मी सही केली आहे. खाडाखोड जिथे आहे तिथे आद्याक्षर घातले आहे. हा मजकूर माझ्या अक्षरात आहे, आणि माझे अक्षर तीन पिढ्यांची मुले ओळखतात.

सही केल्याचे ठिकाण: साक्षीदार क्रमांक दोन यांचे राहते घर, पुढची खोली.
तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे ती.

लिहून देणार: (सही) गोष्टी लिहिणारी आणि चित्रे काढणारी.

आम्ही दोघांनी लिहून देणाऱ्या बाईंना हे मृत्युपत्र आमच्या डोळ्यांदेखत सही करताना पाहिले, आणि त्यांच्या समोर आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार क्रमांक एक: (सही) बाईंचे डॉक्टर.

साक्षीदार क्रमांक दोन: (सही) व्यवसाय: ~~निवृत्त~~ रंगीत छपाईचे मशीनमन.
(“निवृत्त” हा शब्द वकीलसाहेबांच्या कारकुनाने लिहिला होता. साक्षीदाराने तो स्वतः खोडला, पुढचे शब्द स्वतःच्या हाताने लिहिले आणि तिथे आद्याक्षर घातले.)