वहीतली खोडलेली ओळ

प्रिय मेरन,

काल तुझ्याकडून खाली उतरायला मला चार तास लागले. गुडघे कोबीच्या गड्ड्याएवढे झालेत, बर्फ बांधून लिहितेय. तुझा बाप म्हणाला, "शहात्तराव्या वर्षी डोंगर चढायला तुला कोणी बोलावलं होतं?" मी म्हटलं, "तुला जन्माला यायला तरी कोणी बोलावलं होतं?" शाळा मी सहावीत सोडली, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

टोमॅटो चेंगरले नाहीत ना? हकलबेरीचा मुरंबा उंदरांपासून जप. शेवटच्या वळणावर तू पिशवी घ्यायला धावत आलीस आणि म्हणालीस, "आजी, तोंड लालभडक झालंय तुझं." मी म्हटलं, "पांढरं पडलं की काळजी कर." वणव्याच्या टेहळणीची ती खोली तशीच आहे गं. चारी बाजूंनी काचा, मधोमध धुराची दिशा मोजायची ती चकती, वीज कडाडली की चढून उभं राहायचं काचेच्या पायांचं स्टूल. एकोणिसाव्या वर्षी एक उन्हाळा मी तिथंच काढला, ते तुला ठाऊक आहे. चहा ओतताना तू विचारलंस, "एकटीला भीती वाटायची का गं?" मी म्हटलं, "उंदरांची." ते खोटं होतं.

इथं स्वयंपाकघरात माझा वायरलेस सकाळी आठपासून चालू असतो. गेल्या बुधवारी तू बॅजर ओढ्याजवळ धूर कळवलास ते मी ऐकलं. आठ माणसं अर्धा दिवस तंगडतोड करून गेली आणि निघालं काय, तर पाणकुत्रं. पावसानंतर घळीतून वर येणाऱ्या वाफेला हे नाव कोणी दिलं देव जाणे, माझ्या वेळीही हेच होतं. संध्याकाळच्या हजेरीला कुणीतरी बोललंच, "काय मेरन, कुत्र्याला हाड टाकलंस का?" साऱ्या डोंगररांगेनं ऐकलं, सारे हसले. तूही हसलीस. ते हसू मला ओळखू येतं. तेव्हापासून तू नुसतं "सगळं ठीक" म्हणतेस आणि माइक ठेवतेस. म्हणून मी चढले.

तू झऱ्यावर पाणी आणायला गेलीस तेव्हा मी तुझी नोंदवही उघडली. ओरडू नकोस. शनिवार, अकरा वीस, दोनशे चौदा अंश, पांढरा पट्टा. आणि त्यावर आडवी रेघ. रविवारी आणखी एक, तिच्यावरही रेघ. वायरलेसवर यातलं एक अक्षर आलं नाही, मी दोन्ही दिवस इथंच बसले होते. नशीब, ती पाणकुत्रीच निघाली. तू बादली ठेवून विचारलंस, "काय बघतेस गं वहीत?" मी म्हटलं, "तुझं अक्षर. माझ्याहून वाईट आहे." तेव्हाच बोलायला हवं होतं. पाच मैल चढताना वाक्यं जुळवत आले होते, तुझ्यासमोर एकही तोंडातून फुटलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका पाणकुत्र्यावरून मलाही हसले होते. हाडाचा विनोद तेव्हाही होता, कुत्रं मेलं तरी तो मरत नाही. त्यानंतर चारच दिवसांनी, चौदा ऑगस्टला, दोन वाजून पाच मिनिटांनी खिंडीखाली पांढरी सुतासारखी रेघ दिसली. म्हटलं, पाणकुत्रं असेल. तीन दिवस पावसाचा थेंब नव्हता, मेरन. डोळे होते मला. तरी बसून राहिले. दोन चाळीसला ती काळी झाली, कलली, तेव्हा माइक उचलला. वहीत लिहिलं, "प्रथम दिसला, दोन चाळीस." पस्तीस मिनिटं आधी निघाली असती, तर माणसं वारा सुटायच्या आत विझवून परतली असती. वारा सुटला तेव्हा ती वणव्याच्या आत होती, तुझे आजोबाही त्यांत. तुझ्या आजोबांच्या पायावर ओंडका पडला, एवढंच तुम्हा पोरांना माहीत. ओंडका जळत होता, आणि ते पळत होते. पुढच्या वर्षी मी त्यांच्याशी लग्न केलं. चव्वेचाळीस वर्षं माझ्यासमोर लंगडत गेले. पाहुणे आले की जेवताना सांगायचे, "टेहळणीवर ही होती. धूर दिसल्या दिसल्या कळवलं हिनं, म्हणून वाचलो." मी बटाट्यांचं भांडं पुढं सरकवायचे.

हे वायरलेसवर सांगण्यासारखं नाही, सारी रांग ऐकते. उद्या ऑर्व्हल खेचरं घेऊन तुझा शिधा पोचवायला येईल, त्याला वाचता येऊ नये म्हणून पत्र पिठाच्या डब्यात घातलंय. गुरुवारी संध्याकाळी पावसाविना विजा पडणार, असं आज सकाळी वायरलेसवर सांगितलं. माझ्या सालची वही तुझ्या तिथंच खालच्या फळीवर आहे, पाठ उंदरांनी कुरतडलेली. काल हातात घेतली आणि परत ठेवली. चौदा ऑगस्ट काढ. दोन चाळीसवर रेघ मार आणि दोन पाच लिही, माझ्या नावानं. मग गुरुवारी जे काही पांढरं दिसेल ते बोल. कुत्रं निघालं तर निघू दे. कोणी हसलंच तर नाव लिहून ठेव, त्यांच्या आयांना मी ओळखते. मला तुझा आवाज ऐकायचाय, "सगळं ठीक" सोडून काहीही.

तुझीच,
वायरलेसला कान लावून बसलेली आजी