सुनेच्या गळ्यासाठी

अकोला, १२ जून २०२५

चि. योगेशला,
अनेक आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, रीत म्हणून लिहिते. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी विरघळते, म्हणून हे पत्र.

तुझ्या अंकुरची सोयरीक मोडल्याचं काल त्यानंच सांगितलं. मोडली रामनवमीला, आणि तू आमच्याकडे आलास अक्षय तृतीयेला! पन्हं प्यालास, आईच्या पायाशी बसलास आणि म्हणालास, की नातसून उंबरठा ओलांडेल तेव्हा तुझीच एकदाणी तिच्या गळ्यात पाहिजे. आईनं तिथल्या तिथे गळ्यातली काढून दिली. आता रोज विचारते, नातसून कधी येऊन राहिली म्हणून. तुला लाज कशी वाटली नाही रे?

वकिलांना भेटले. ते म्हणाले, घेताना मन साफ होतं आणि मागाहून फिरलं, तर फसवणुकीचा गुन्हा होत नाही. घेतानाच मनात खोट असावी लागते. म्हणून एवढंच विचारते, नेलीस तेव्हा मनात काय होतं? खरं लिही.

अजून तरी तुझी ताई,
रागिणी

अमरावती, १६ जून २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
आधी बीपीची गोळी घे! मी काय चोर आहे? दुकान बुडायला आलं होतं. सरळ मागितली असती तर तू आडवी आली असतीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून लग्नाचं निमित्त केलं. अकोल्याला निघण्याआधीच सराफाशी भाव ठरवला होता, आईच्या वस्तूला एक रुपया कमी येऊ नये म्हणून. एवढी काळजी चोर घेतो का? घरातली गोष्ट घरात राहू दे. आईला सांग, लग्न दिवाळीनंतर आहे.

माझ्यावरचा लोभ या रागात आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
योगेश

अकोला, २१ जून २०२५

योगेश,
आशीर्वाद नाहीत. आधी सराफ, मग आईचे पाय! वाचून अंगाची लाहीलाही झाली.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती रडेल, जाऊ दे म्हणेल, असं वाटलं होतं. खरं सांगते, मी त्याचीच वाट पाहत होते. ती एवढंच म्हणाली, की दुकानासाठी मांगतली असती तर मी देली नसती काय? मग लुगडं बदललं आणि म्हणाली, मले ठाण्यात ने, देली मी व्हती, सांगनही मीच.

तक्रार तिच्या नावानं झाली. तुझं पत्र सोबत जोडलंय. हवालदारांनी आरोपीशी नातं विचारलं, तेव्हा मीच खाली पाहिलं. पोटचा आहे, लिवा, म्हणाली.

बोलावणं आलं की ये. ती तिथे असणार आहे.

रागिणी