हाकललेल्यांचा नंबर पाच

३ मार्च
आजपासून राग बंद. मेहुण्याच्या बॉक्सिंग क्लबचं ॲप मी करतोय. दोन नोकऱ्या (त्यांच्याच चुकीने) गेल्या, आता ही शेवटची संधी, नाहीतर मी माहेरी, असं बायको म्हणाली. शांतपणे ऐकून घेतलं. फुटलेल्या कपाला आधीपासूनच तडा होता.

६ मार्च
डेटाबेस तयार. सगळ्या माणसांचं एक टेबल, त्यात एक कॉलम: रोल. सभासद १, कोच २, मॅनेजर ३, मालक ४. मोठा नंबर, मोठा अधिकार. ऑफिसचं दार ॲपनेच उघडणार, रोल तीन किंवा त्याहून मोठा असेल तरच. हाताखालची मुलगी म्हणते, सर, रोलचं टेबल वेगळं ठेवू, कोण कुठल्या रोलमध्ये ते तिसऱ्या टेबलमध्ये; उद्या कोचलाच मॅनेजरचं काम दिलं तर? म्हटलं, हे म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं. तिने पुन्हा तेच सांगितलं. माउस भिंतीवर फुटला. हल्ली वस्तू फार तकलादू येतात.

१४ मार्च
हातोडा नावाच्या कोचने एका सभासदाचा जबडा मोडला. मेहुण्याने त्याला हाकललं. म्हणाला, भाऊजी, याला आजच्या आज ॲपमधून काढा. पण रेकॉर्ड पुसणं मला पटत नाही. नवा रोल केला, 'हाकललेला'. चारपर्यंतचे नंबर गेलेले, म्हणून त्याला पाच. मुलीने तोंड उघडलं. मी स्टेपलर उचलला. तिने तोंड मिटलं. टीमवर्क सुधारतंय.

१५ मार्च
हातोड्यापुढे ऑफिसचं दार आपोआप उघडलं. मेहुण्याच्या खुर्चीत बसून त्याने मेहुण्याला सभासद करून टाकलं. पाच हा चारापेक्षा मोठा असतो, हे मुलीने सगळ्यांदेखत सांगितलं. मग रक्तारक्ती. मी समजूत घालायला मध्ये शिरलो. मेहुण्याचा ठोसा हातोड्यासाठी होता, हातोड्याचा मेहुण्यासाठी. दोन्ही मला बसले. समोरचे दात गेले. तरी राग आवरला. फक्त सर्व्हरला एक लाथ घातली. तो सर्व्हर नव्हता, तिजोरी होती.

२२ मार्च
मुलीने तिची तीन टेबलं लावली. चालतात, हे दुर्दैव. मेहुणा आता मालकही आहे आणि कोचही. तिच्या पद्धतीत एका माणसाला हवे तितके रोल देता येतात. माझ्या नावापुढे एकही नाही. क्लबचं दार उघडलं नाही. घरी आलो तर बायकोने कडी आतून लावलेली. आतून म्हणाली, आधी दादाची माफी मागा.

दाराला लाथ घालणार होतो. पाय प्लास्टरमध्ये आहे.