नुरा कुस्ती

प्रिय धैर्या,

आई भाजीला गेलीय, तेवढ्यात बोलून घेतो. मी बोलतो आणि फोन लिहितो. शब्द चुकले तर समजून घे. पुण्यातली नोकरी, नवी खोली, सगळं मार्गी लागलं असेल. इकडे शाहूपुरीतला आमचा जिना आहे तसाच आहे. बाबांची पाठ आता मला उचलू देत नाही. जयंतीची मिरवणूक यंदा गॅलरीतूनच पाहिली.

अकरावीला तू कागलहून एसटीने यायचास आणि मला पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये न्यायचास. तिथेच तू मला हा गोळ्यांचा खेळ शिकवलास. आपण एक इवलासा ठिपका. दाणे टिपायचे, आपल्याहून लहान असेल त्याला गिळायचं, मोठ्यापासून पळायचं. तुझं नाव ‘पावणं’, माझं ‘वस्ताद’. पहिल्याच दिवशी तू मला गिळलंस आणि अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असा ओरडलास, “खाल्ला की रं धम्म्याला!” व्हीलचेअरवरच्या पोराला असं बोलतात का, म्हणून सरांनी तुला बाहेर काढलं. मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. घरीदारी सगळे मला वाट करून देतात, माझ्याशी आवाज उतरवून बोलतात. खेळात कुठला तरी ब्राझीलचा पोरगा येऊन मला सरळ गिळायचा. मीही त्यांना गिळायचो. तिथे मी पळायचो रे.

माझा आजार तुला ठाऊक आहे. प्रसेनजीतमामा त्यातच गेला. आधी पाय, मग हात, मग श्वास. आई भांडी घासता घासता अजून म्हणते, “माझ्याकडनंच आलंय ह्ये.” उजवा अंगठा पावसाळ्यातच गेला. डावा त्याच्या मनात आलं तर हलतो. मागच्या भेटीत डॉक्टरांनी बाबांना बसवलं, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. औषध काही लिहिलं नाही.

आता परवाच्या रविवारचं सांगतो. आपण नेहमीसारखे फोनवर खेळत होतो, तू तिकडून, मी इकडून, आणि अंगठा मध्येच थांबला. माझा गोळा एका कोपऱ्यात नुसता पडून राहिला. दोन मोठे गोळे माझ्याकडे यायला लागले. म्हटलं, संपलं. तेवढ्यात तू मध्ये घुसलास, स्वतःचे तुकडे केलेस आणि एकेक करून माझ्या अंगात टाकलेस. मी फुगत गेलो. ते दोघे पळाले. मी जागचा न हलता यादीत वर चढलो आणि पहिला आलो. आई शेजारीच होती. टाळ्या वाजवत म्हणाली, “आलास की पयला!” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आनंदाचं. तिने ते पदराने पुसलं आणि सगळ्या गल्लीला सांगून आली.

मग मी मागचे डाव आठवत बसलो. कित्येक महिने तू मला एकदाही गिळलेलं नाहीस. माझ्यासमोर येतोस, वळायला उशीर करतोस, सापडतोस. आपल्या कोल्हापुरात याला नुरा कुस्ती म्हणतात, धैर्या. निकाल आधीच ठरलेला, आणि लोकांना दाखवायला झोंबाझोंबी. तू हे प्रेमानेच केलंस, मला कळतं. पण आता तूही आवाज उतरवून बोलायला लागलास.

हाही अंगठा या महिन्यातच जाईल असं वाटतं. तो गेल्यावर मला या जगात कुणी हरवू शकणार नाही, कारण मी कशातच नसेन. काही बरं होणार नाहीये, तेव्हा तसलं काही उत्तरात लिहू नकोस. या रविवारी खेळायला ये. मी नीट पळू शकणार नाही, तरी मागे लाग. थांबलो तरी थांबू नकोस. मला गिळ, आणि ओरड.

तुझाच,
धम्मपाल